फुरसतीचे मुकादम

पंचवटीत रिकाम्या माणसांचा तुटवडा कधीच पडला नाही. रामकुंडाच्या पायऱ्या, काळारामाबाहेरचे ओटे, मालेगाव स्टँडवरच्या टपऱ्या, गाडगे महाराज पुलाखालची गार सावली... बसायची एवढी सोय दुसऱ्या कुठल्या पेठेला क्वचितच असेल. बसणारे आहेत, बसायला जागा आहे आणि बसून बघायला वाहती गंगा आहे. (गोदावरी हे नाव आम्ही भूगोलाच्या पेपरात लिहितो, एरवी आमची ती गंगाच.) उणीव होती ती एकाच गोष्टीची. बसणारा नीट बसलाय की नाही, हे तपासायला कोणी नव्हतं. ती जागा मास्तरांनी निवृत्तीनंतर स्वतःहून भरली, बिनपगारी.

मास्तर म्हणजे ड्रॉइंगचे मास्तर. पोर्शन मागे पडला की गणिताचे सर ज्यांचा तास हक्कानं मागून नेतात, त्यांतले. अर्ध्या बाह्यांचा खादीचा सदरा, खिशाला शिसपेन्सिलीचा करडा डाग, खांद्याला शबनम. सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला त्यांची गंगेवर फेरी असते. तिला फिरणं म्हणता येत नाही. फिरायला येणारे हात हलवत चालतात. मास्तर एक डोळा मिटून आणि अंगठा पुढे धरून चालतात. समोर चार माणसं निवांत टेकलेली दिसली की थबकतात, न बघता दोन पावलं मागे जातात (त्या दोन पावलांत शेणही येतं आणि पिंडाचा भातही येतो) आणि म्हणतात, "हलू नका. उजेड चांगलाय."

असा माणूस गावोगाव असतो, फक्त खातं वेगळं. कोणी दुसऱ्याच्या लग्नात वाढप्यांवर ओरडतो, कोणी दुसऱ्याच्या बांधकामावर उभा राहून विटा ठोकून बघतो. आमच्या मास्तरांचं वेगळेपण इतकंच, की ते दुसऱ्याच्या कामावर उभे राहत नाहीत, दुसऱ्याच्या आरामावर उभे राहतात.

ह्या दुखण्याचं मूळ एका पुस्तकात आहे. निवृत्तीच्या सुमारास मास्तरांनी रद्दीच्या दुकानातून चित्रांचा एक जाडजूड ग्रंथ वजनावर घेतला. आर्ट पेपरचं पुस्तक, भलतंच जड; रद्दीवाल्यानं खुशीनं तोललं. आत सतराव्या शतकातल्या हॉलंडची चित्रं. देव नाहीत, राजे नाहीत, लढाया नाहीत. गुत्त्यात बाकावर बसून मातीचे लांब पाइप ओढणारे शेतकरी आहेत, पत्ते कुटणारे आहेत, फिडल वाजवणारा आणि त्याच्यापुढे बेताल नाचणारी म्हातारी आहे, अंगणात पोरीचा हात धरून उभी असलेली बाई आहे. मास्तर रात्रभर पानं उलटत राहिले आणि सकाळी डोळे लाल करून वाड्याच्या चौकात येऊन म्हणाले, "अहो, हे तर आपलं स्मरणचित्र!"

त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. महाराष्ट्रात जो कोणी कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसला असेल, त्याला स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. आठवडे बाजार, पतंग उडवणारी मुलं, नदीकाठची संध्याकाळ, एस.टी.ची वाट पाहणारे प्रवासी. चित्रात माणसं हवीतच, आणि ती काहीतरी करताना किंवा काहीच न करताना दिसायला हवीत. पोरांनी पिढ्यान् पिढ्या पोस्टर कलरनं ही चित्रं रंगवली, दहावीला वाढीव मार्क घेतले आणि ब्रश वाळत टाकले. "आपण मार्कांसाठी केलं ते ह्या लोकांनी शंभर वर्षं पोटासाठी केलं," मास्तर सांगू लागले. "आणि विकत कोण घेत होतं? खाटीक, पाववाले, लोहार!" ह्याला त्यांच्याकडे साक्षीदारही आहे. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज आधी सुरत-आग्र्याकडे फिरून गेला आणि १६४० साली ॲमस्टरडॅमला पोचला. तिथे खाटकाच्या दुकानात आणि लोहाराच्या भात्याजवळही चित्रं टांगलेली बघून तो चकित झाला आणि तसं लिहून ठेवता झाला.

ह्याच वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, १६३७ साली वेंगुर्ल्याला वखार घातली, ह्याचा मास्तरांना फार राग आहे. "इथवर आले, माल मोजला, गलबतं भरली, आणि एक चित्रकार बरोबर आणला नाही! दोन मुक्काम पुढे नाशकाला पाठवला असता तर काय बिघडत होतं?" वेंगुर्ल्याहून नाशिक किती मुक्काम, हे मास्तरांना सांगण्यात अर्थ नसतो.

चित्रकार आला नाही म्हणून ते काम मास्तरांनी मागाहून पुरं करायला घेतलं. त्या वलंदेज चित्रकारांत प्रत्येकाचा प्रांत ठरलेला. हार्लेमचा अद्रियान व्हान ओस्टाडे गुत्ते आणि शेतकरी रंगवी. डेल्फ्टचा पीटर द होख अंगणं आणि दारातून दिसणारी दारं. यान स्टीन गोंधळ घातलेली घरं. इतकी, की अजूनही हॉलंडात पसारा माजलेल्या घराला 'यान स्टीनचं बिऱ्हाड' म्हणतात. मास्तरांनी त्याप्रमाणे पंचवटीचं बारसं केलं. मालेगाव स्टँडवरची चहाची टपरी ओस्टाडे झाली. आमचा वाडा, म्हणजे बाहेरच्या दारातून चौक, चौकातून पडवी आणि पडवीतून मागची मोरी दिसते तो सगळा पल्ला, द होख झाला. आणि माडीवरचं भाडेकरू कुटुंब, ज्यांच्याकडे सकाळी एक बूट नेहमी हरवलेला असतो, ते यान स्टीन झालं. 'स्टीन' ही कसलीतरी परदेशी शिवी आहे असा त्या कुटुंबाचा समज आहे, आणि तो खोडून काढायला कोणी धजत नाही.

बारसं झालं तिथवर ठीक होतं. पुढे मास्तर सुधारणा करू लागले.

वाड्याच्या पायरीवर दुपारी एक आजी नातीच्या केसांतून फणी फिरवत बसतात. उवांचा मोसम शाळा उघडल्यावर येतो आणि दिवाळीपर्यंत टिकतो. हुबेहूब ह्याच विषयाचं द होखचं एक चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे: आई बसलेली, पोर गुडघ्यावर डोकं टेकून, मागं उघडं दार आणि दारातून येणारं ऊन. मास्तरांनी आजींना दोन हात सरकून उन्हाकडे पाठ करून बसायला सांगितलं.

"पाठ केल्यावर मला उवा कशा दिसतील?" आजींनी विचारलं.

"उवा चित्रात दिसत नाहीतच, आजी."

"मग तुमचं चित्र खोटं आहे. हिच्या डोक्यात आहेत." असं म्हणून आजींनी एक पकडून दोन अंगठ्यांच्या नखांत चिरडली, आणि पुरावा मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी तो एक डोळा मिटून पाहिला.

खरं वितुष्ट आलं ते पत्त्यांवरून. पुलाखाली चार पेन्शनरांचा मेंढीकोटचा डाव रोज असतो: एक एस.टी.तले, एक महापालिकेतले, एक सराफबाजारातले सोनार आणि एक प्रेसमधले. नाशकात प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र नव्हे. प्रेस म्हणजे नाशिकरोडचा नोटांचा छापखाना. पत्ते खेळणारी मंडळी म्हणजे त्या वलंदेज चित्रकारांचा जीव की प्राण. मास्तर हरखले. त्यांनी एस.टी.वाल्यांना डावीकडे घेतलं, सोनारांचा गुडघा वर करवला, महापालिकेला टोपी काढू दिली नाही. चौघांनीही ऐकलं, कारण चौघांचीही पोरं मास्तरांच्या हाताखालून गेलेली. मग मास्तर प्रेसवाल्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. त्या चित्रांत खेळणाऱ्याच्या खांद्यावरून पानं बघणारा एक उपटसुंभ बहुधा असतोच, आणि रचनेत ती जागा रिकामी राहिली होती.

ज्यांना मेंढीकोट ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ह्या खेळात जीव दश्श्यांत असतो. दश्शी म्हणजे मेंढी. चारही मेंढ्या एका बाजूनं मारल्या की दुसऱ्या बाजूला कोट बसतो, आणि कोट बसलेला माणूस चार दिवस घाटावर तोंड वर करून चालत नाही. त्या दिवशी हुकूम इस्पिकचा होता. तीन मेंढ्या सोनार आणि महापालिका ह्यांच्याकडे जाऊन बसल्या होत्या. चौथी, बदामची, प्रेसवाल्यांच्या हातात होती. हात सगळा काळा आणि त्यात बदामचं ते एकच पान. चेहरा मात्र असा कोरा, की जन्मभर नोटांचे गठ्ठे जवळून पाहणाऱ्यालाच जमावा. बदाम उतरला नाही तर कोट वाचत होता.

इतक्यात पुलाच्या कडेनं ऊन तिरपं उतरलं आणि नेमकं त्या हातावर पडलं.

"अहाहा!" मास्तर भान हरपून म्हणाले. "सगळ्या काळ्यात ती एकच बदामची मेंढी काय उठून दिसते!"

घाटावर क्षणभर फक्त गंगेचा आवाज होता. मग सोनारांनी शांतपणे बदामचा एक्का टाकला.

प्रेसवाले काही बोलेनात. पानं खाली ठेवून त्यांनी आधी चष्मा पुसला, मग म्हणाले, "मास्तर, अख्खी नोकरी मी नोटांत काढली. बाहेर कोणाला एक कोपरा दाखवला नाही. आणि तुम्ही माझी मेंढी चव्हाट्यावर मांडलीत?" त्या दिवसापासून डाव चालू असताना मास्तरांनी समोरच्या पायरीच्या अलीकडे यायचं नाही, असा चौघांचा ठराव आहे. मास्तरांना शिक्षेचं दुःख नाही. समोरून रचना सपाट दिसते, एवढीच त्यांची तक्रार आहे.

मोबाइलवर त्यांचा राग असणार हे उघड आहे. त्यांच्या मते ह्या यंत्रानं फुरसतीचा कणा मोडला. पूर्वी माणूस बसला की चार दिशांना बघायचा, आता चौघं बसतात आणि चौघांच्या हनुवट्या छातीला. पण इथेही एकदा त्यांची पंचाईत झाली. स्टँडवर एक रिक्षावाला हँडलवर कोपर टेकून गावाकडून आलेला बायकोचा मेसेज वाचत होता, ओठ किंचित उघडे. निळा शर्ट. मास्तर जागच्या जागी थिजले. निळ्या झग्यातली पत्र वाचणारी बाई, व्हर्मीर, राइक्सम्यूझियम! ते इतका वेळ समोर उभे राहिले, की शेवटी रिक्षावाल्यानं मोबाइल खिशात टाकून विचारलं, "बसताय का? द्वारका, सीबीएस?"

ह्या चित्रांत नुसती मौज आहे की उपदेश, ह्यावरून मास्तर आणि आमच्या आळीतले कीर्तनकार बुवा ह्यांचं वर्षानुवर्षं चालू आहे. कधीतरी मास्तरांनी बुवांना यान स्टीनचं १६६३ सालचं चित्र दाखवलं. मूळ चित्र व्हिएन्नाला आहे. घरची बाई बसल्या जागी झोपलीय. कुत्रा टेबलावर चढून पक्वान्न हाणतोय, पोरगं पाइप ओढतंय, माकड घड्याळाशी खेळतंय, डुक्कर घरात शिरून गुलाब हुंगतंय, आणि सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेल्या टोपलीत भिकाऱ्याची कुबडी तयार ठेवलेली. बुवा मांडीवर थाप मारून म्हणाले, "हे तर माझं आयतं निरूपण! सुखात सावध राहा. कुबडी म्हणजे उत्तररंग!" मास्तर चिडले. "अहो बुवा, डुकराचं नाक बघा. ओलं रंगवलंय. उपदेश करणारा माणूस डुकराच्या नाकावर एवढी मेहनत घेत नाही."

हॉलंडातल्या पंडितांतही नेमकी हीच भांडणं झाली. १९७६ साली राइक्सम्यूझियमनं ह्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्याला नावच 'बोधासाठी आणि मौजेसाठी' अशा अर्थाचं दिलं, म्हणजे दोन्ही पक्षांना चहा. माझं मत विचाराल तर मी मास्तरांच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण यान स्टीनचं चरित्र. ह्या गृहस्थानं डेल्फ्टला दारूची भट्टी चालवली आणि १६७२ साली लायडनला गुत्त्याचा परवाना काढला. गुत्तेवाल्याच्या व्यसनमुक्तीच्या प्रवचनाला जायला हरकत नाही. फक्त तो बोलताना हसतोय का, हे बघावं. आणि स्टीन स्वतःला आपल्या चित्रांत घालतो तेव्हा पुष्कळदा हसतच असतो.

मास्तरांची लेक ॲमस्टरडॅमशेजारी ॲम्स्टेलव्हेनला असते, जावई कॉम्प्युटरमध्ये. तिनं एका उन्हाळ्यात वडलांना नेलं. आम्हाला वाटलं, आता माणूस शांत होऊन येईल. राइक्सम्यूझियममध्ये सगळी गर्दी रेम्ब्राँपुढे होती, त्यामुळे मास्तरांना स्टीनचं सेंट निकोलसच्या सणाचं चित्र मनसोक्त बघायला मिळालं: ज्या व्रात्य पोराच्या बुटात खाऊऐवजी छडी निघालीय ते रडतंय, भावंडं त्याच्यावर हसताहेत आणि मागे पडद्याआडून आजी त्याला हळूच बोलावतेय. मास्तर तिथल्या रखवालदाराला म्हणाले, "आजी आमच्याकडची आहे." तो बिचारा मराठी नसल्यामुळे हो म्हणाला. डेल्फ्टमध्ये मात्र त्यांची निराशा झाली. व्हर्मीर डेल्फ्टचा, जन्मला तिथे, मेला तिथे, पण गावात त्याचं एकही मूळ चित्र उरलेलं नाही. सगळी बाहेरगावी गेली.

"आणि माणसं?" आम्ही विचारलं.

"माणसं सायकलवर," मास्तर तुटकपणे म्हणाले. "कोणी बसायला तयार नाही. चित्रं त्यांच्याकडे राहिली, चित्रांतली माणसं आपल्याकडे आली."

लेकीनं सांगितलेला प्रसंग ह्याहून बोलका आहे. डच लोक दिवाणखान्याच्या मोठ्या खिडक्यांना बहुधा पडदे ओढत नाहीत. येणाराजाणारा आत बघत नाही, हा शिष्टाचार. संध्याकाळी जेवून शतपावलीला निघालेले मास्तर एका खिडकीपुढे थांबले. आत कुटुंब जेवत होतं, टेबलावर दिवा, पोराच्या गालावर उजेड. मास्तर दोन पावलं मागं गेले. घरमालकानं हात हलवला, मास्तरांनीही हलवला. मग मास्तरांनी खुणेनं सुचवलं की ताईंनी खुर्ची जरा डावीकडे घ्यावी. त्या गल्लीत बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा एक पडदा ओढला गेला.

परत आल्यावर त्यांनी आमच्या पाववाल्याला व्हर्मीरची गोष्ट ऐकवली, त्यात थोडा स्वार्थ होता. व्हर्मीर १६७५ साली गेला, मागे बायको, अकरा मुलं आणि कर्ज. पाववाल्याची उधारीच ६१७ गिल्डर. बायकोनं तिच्यापोटी नवऱ्याची दोन चित्रं पाववाल्याला दिली. "आज त्या दोन चित्रांत तो पाववाला आख्खं नाशिक घेईल!" मास्तर म्हणाले. पाववाल्यानं ओट्यावरची वही उघडून मास्तरांचं पान काढलं आणि म्हणाला, "तो घेईल हो. मला आज पीठवाल्याला द्यायचेत."

पावसाळ्यात मास्तरांचा मोठा उत्सव असतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की भोंगा होतो आणि सगळं गाव पूर बघायला घाटाकडे धावतं. बाहेरच्यांना ह्यात करमणूक ती काय, असं वाटेल. पण आमच्याकडे पूर मोजायचं माप मारुतीचं आहे. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी म्हणजे बातमी, कमरेला म्हणजे काळजी, गळ्याला म्हणजे बाजारपेठेत धावाधाव. मग भाजलेल्या कणसाचे दाणे सोलत ६९ चा पूर मोठा की २०१६ चा, ह्यावर अशी माणसं भांडतात ज्यांनी ६९ चा पाहिलेला नाही. मास्तरांच्या लेखी हा आवरकाम्प. हेन्ड्रिक आवरकाम्प मुका होता, 'कांपनचा मुका' म्हणूनच ओळखला जाई, आणि त्यानं जन्मभर गोठलेल्या पाण्यावरची गर्दी रंगवली. बर्फावरून घसरणारे, आपटणारे, गोंडा घोळणारे, आणि अगदी कडेला कोणीतरी बूड उघडं टाकून आपला कार्यभाग उरकणारा. राइक्सम्यूझियममधल्या १६०८ च्या सुमारच्या चित्रात हे सगळं आहे. थोडक्यात, पाणी वेगळं वागलं की गावानं कामं टाकून बघायला जायचं, ही रीत दोन्हीकडची. एका पुरात पोलीस शिट्ट्या मारून लोकांना मागे हटवत होते, तेव्हा मास्तर पुढे होऊन म्हणाले, "हवालदारसाहेब, ह्यांना हटवा, पण उजवीकडचे हटवा. डावीकडे गर्दी हवीय." हवालदारांनी सर्वांत आधी मास्तरांना हटवलं.

आता काकू. मास्तरांच्या सगळ्या विद्वत्तेला घरात एकच परीक्षक आहे आणि तो पास करत नाही. काकूंनी तो जाडा ग्रंथ एकदाच पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, भाजी निवडता निवडता, आणि प्रश्न विचारला: "ह्यात बसलेत ते बाप्ये. बाया बघा. एक दूध ओततीय, एक उवा काढतीय, एक झाडतीय, एक पोराला पाजतीय. मग फुरसत कोणाची म्हणायची ही?" मास्तरांनी घाईनं टेरबोर्ख ह्या चित्रकाराची पानं उघडली, सॅटिनचे झगे घालून वाद्यं वाजवणाऱ्या बायका दाखवल्या. काकू म्हणाल्या, "त्यांच्याकडे मागे मोलकरीण दिसतीय. माझ्याकडे तुम्ही आहात."

साऱ्या ग्रंथात काकूंना आवडलेलं चित्र एकच. निकोलास मासचं, १६५५ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. स्वयंपाकघरात मोलकरीण गालाला हात लावून गाढ झोपलीय, खरकटी भांडी जमिनीवर पसरलीत, मागे मांजर सोललेलं पाखरू लांबवतंय. आणि मालकीणबाई शेजारी उभी राहून, हात पसरून, आपल्याकडे बघत हसतेय. "दमली असंल," काकू म्हणाल्या. मास्तरांनी त्याचा प्रिंट काढून आणला. तो फ्रिजच्या दारावर, गॅसच्या नंबराशेजारी लावलेला आहे.

परवा मी विरजण मागायला गेलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. काकू ओट्याशेजारी पाटावर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि गालाला हात लावून गाढ झोपल्या होत्या. गॅसवर दूध होतं. मास्तरांवर दुधाची जबाबदारी टाकून त्यांनी डोळा लावला असणार, कारण मास्तर पातेल्यापासून हाताच्या अंतरावर उभे होते. पण तोंड दुधाकडे नव्हतं. शबनमीतली वही निघाली होती. मी बोलणार इतक्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि काकूंच्या मनगटाकडे पेन्सिलीनं खूण केली. खिडकीतून ऊन येऊन बांगड्यांवर पडलं होतं, आणि खरं सांगतो, रेषही चांगली उतरत होती. मास्तर स्वतः काढतात हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. दोन बांगड्या झाल्या. तिसरीच्या वेळी दुधानं साय उचलली. मी हात केला. मास्तरांना वाटलं, मी दाद देतोय. चौथ्या बांगडीला पातेल्याच्या चारी बाजूंनी दूध उतरलं, गॅस फस्सकन विझला, आणि ओट्यावरून धार खाली काकूंच्या पाटापर्यंत आली.

काकू उठल्या. गॅसचं बटण बंद केलं. मग कंबरेवर एक हात ठेवून, दुसरा हात मास्तरांकडे पसरून, माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पोझ फ्रिजवरचीच, तंतोतंत. फक्त हसत नव्हत्या.

मास्तरांची पेन्सिल नकळत पुन्हा उचलली गेली. काकूंनी वही काढून घेतली, त्यांच्या हातात फडकं दिलं, आणि त्या पाटावर परत बसल्या. मास्तर पुसू लागले.

"शेगडीखालचं राहिलं," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "नीट वाका. उजेड चांगलाय."

मला विरजण मिळालं नाही. दूधच उरलं नव्हतं. मास्तरांनी दिला तो चहा कोरा होता, आणि तोही त्यांनीच केला होता.